डावावरून उठणारा जुगारी

मनुष्यस्वभाव मोठा विचित्र आहे. ज्या गोष्टीची आपण घरात निंदा करतो, तीच गोष्ट रंगमंचावर किंवा पडद्यावर दिसली की आपण टाळ्या पिटतो. घरचा मुलगा पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडला तर आई कपाळाला हात लावून बसते आणि बाप आठ दिवस त्याच्याशी बोलत नाही. पण पडद्यावरचा नायक एखाद्या बड्या शेठजीला पत्त्यांत लोळवतो, तेव्हा तीच आई तोंडाला पदर लावून हसते. 'बाजी' (१९५१) मधला देव आनंद काय किंवा 'श्री ४२०' (१९५५) मधला राज कपूर काय, प्रेक्षकांनी त्यांना कधी दूर लोटले नाही. हे असे का व्हावे? आपण सारे मनातून जुगारी आहोत म्हणून, की या विनोदी जुगाऱ्यात आपल्याला दुसरेच काही हवेहवेसे दिसते म्हणून? या प्रश्नाचा विचार करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नायक अमेरिकेचा. त्याचे नाव ब्रेट मॅव्हरिक. १९५७ ते १९६२ या काळात 'मॅव्हरिक' नावाची मालिका तेथील दूरदर्शनवर चालली. जेम्स गार्नर या नटाने हे काम केले आणि पुढे १९९४ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही निघाला. अमेरिकेत 'वेस्टर्न' नावाचा एक चित्रपटप्रकार आहे. धुळीने भरलेले एखादे गाव, एक मद्यालय, दोन घोडेस्वार आणि कमरेला पिस्तुले, एवढ्या भांडवलावर त्यांनी शेकडो चित्रपट काढले. त्या घोडेस्वारांच्या अंगावर असते ते जाड निळे कापड, म्हणजे डेनिम. हे कापड आपल्या लोहाऱ्याला परके नाही. येथील औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना उभा राहिला, आणि पऱ्हाटीच्या बोंडापासून निळ्या विजारीपर्यंतचा प्रवास आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या ओळखीचा झाला. पण गंमत अशी की, मॅव्हरिक ती विजार घालून हिंडत नाही. त्याच्या अंगावर काळा कोट आणि झालरीचा सदरा असतो. कष्टाचे कपडे त्याला मानवत नाहीत!

मॅव्हरिक हे आडनावही अर्थपूर्ण आहे. टेक्सासमध्ये सॅम्युएल मॅव्हरिक नावाचे एक गृहस्थ होते. इतर मालक आपापल्या गुरांना तापल्या लोखंडाचा डाग देत, हे गृहस्थ देत नसत. त्यामुळे डाग नसलेल्या मोकाट वासराला लोक 'मॅव्हरिक' म्हणू लागले आणि पुढे कोणत्याच कळपात न बसणाऱ्या माणसालाही हाच शब्द लागला. आपला हा जुगारी तसाच आहे. तो कोणाचा नोकर नाही, कोणाचा मालक नाही. इतर वेस्टर्न नायक छाती पुढे काढून गोळ्या झेलायला उभे राहतात. हा मात्र मागचे दार कोठे आहे ते आधी पाहून ठेवतो. भांडण पेटले की पळून जाणे यात त्याला कमीपणा वाटत नाही. बापाने सांगितलेली उलटीसुलटी सुभाषिते तो जागोजागी ऐकवतो. शूर नायकांच्या गर्दीत हा भित्रा नायक लोकांना आवडला, कारण तो आपल्यासारखा होता.

पण तो जुगारी होता का? मला याच ठिकाणी शंका येते. एका भागात तो पैज लावतो की, पत्त्यांच्या जोडातून कोणतीही पंचवीस पाने काढून द्या, मी त्यांचे पाच-पाच पानांचे पाच जमलेले डाव लावून दाखवीन. ऐकणाऱ्याला हे अशक्य वाटते आणि तो पैज घेतो. वस्तुतः गणित असे सांगते की, शंभरातून सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा हे जमतेच. म्हणजे समोरचा नशिबावर खेळत असतो आणि मॅव्हरिक गणितावर. दुसऱ्या एका भागात (१९५८) एका बँकेचा मालक त्याचे पंधरा हजार डॉलर गिळंकृत करतो. मॅव्हरिक हॉटेलच्या ओसरीवर खुर्ची टाकून चाकूने लाकूड तासत बसतो. गावातले लोक थट्टेने विचारतात, "काय झाले तुमच्या पैशांचे?" तो शांतपणे सांगतो की, प्रयत्न चालू आहेत. इकडे त्याचा भाऊ आणि मित्र त्या सभ्य बँकवाल्याला त्याच्याच लोभाच्या सापळ्यात पकडतात. जुगारी प्रामाणिक आणि पेढीवाला लबाड, ही त्या विनोदाची खरी नांगी आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मॅव्हरिकच्या कोटाच्या आत एक हजार डॉलरची नोट टाचणीने लावून ठेवलेली असते. ती अडीअडचणीसाठी. मित्रहो, माझ्या मते या सबंध मालिकेचे मर्म त्या टाचणीत आहे. ज्याच्या कनवटीला अशी नोट आहे, तो हसत हरू शकतो. डाव बिघडला की तो पाने खाली ठेवतो, टोपी उचलतो, घोड्यावर बसतो आणि दुसऱ्या गावी जातो. त्याला डावावरून उठता येते. आपण त्याच्या हुशारीवर खूष होतो, पण ती हुशारी या उठण्याच्या स्वातंत्र्यावर उभी आहे. माझा या लेखातला मुद्दा एवढाच आहे. जुगाऱ्याची कथा वाचताना अगर पाहताना 'तो किती हुशार आहे' हे विचारू नये. 'त्याला डावावरून उठता येते का, आणि येत नसेल तर त्याला कोणी बसवून ठेवले आहे' हे विचारावे.

काही वडीलधारी माणसे म्हणतील की, हे सारे पाश्चात्यांचे थेर. आपल्या संस्कृतीत असला विनोद नाही. त्यांना मी नम्रपणे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा दुसरा अंक वाचावयास सांगेन. हे नाटक मूळ संस्कृत व प्राकृत भाषांतले, पण गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला संगीत नाटकाचे रूप देऊन मराठी माणसाचे करून टाकले. चारुदत्त आणि वसंतसेना सर्वांना माहीत असतात. दुसऱ्या अंकातला संवाहक मात्र फारसा कोणाला आठवत नाही. मूळ नाटकातला तो प्रसंग मी येथे थोड्या विस्ताराने सांगते, कारण मॅव्हरिकचा हा थोरला चुलतभाऊ आहे.

संवाहक हा पाटलीपुत्राचा, चांगल्या घरातला मुलगा. अंग चेपण्याची विद्या तो हौसेने शिकला आणि पुढे पोटासाठी तीच करू लागला. उज्जयिनीत चारुदत्ताकडे तो नोकरीला होता. चारुदत्त दरिद्री झाला, तेव्हा याची नोकरी गेली आणि तो द्यूतावर पोट भरू लागला. नाटक सुरू होते तेव्हा तो दहा सुवर्णमोहरा हरलेला आहे आणि अड्ड्याचा मालक माथुर एका दुसऱ्या जुगाऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या मागे लागला आहे. संवाहक एका ओसाड देवळात शिरतो. देवळात मूर्ती नाही. हा पठ्ठ्या उलट्या पावलांनी आत जातो, म्हणजे पावलांचे ठसे बाहेर गेल्यासारखे दिसावेत, आणि स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो! पाठलाग करणारे दोघे आत येतात. त्यांना संशय येतो. मूर्ती लाकडाची की दगडाची, म्हणून ते तिला हलवूनही पाहतात. पण संवाहक हूं की चूं करीत नाही.

मग ते काय करतात? ते तेथेच बसून फासे खेळू लागतात. फाशांचा खुळखुळ आवाज संवाहकाच्या कानी पडतो. तो मनाला पुष्कळ आवरतो. आपण फसू, मार खाऊ, हे सारे त्याला कळते. पण आवाज काही थांबत नाही, आणि शेवटी देव उडी मारून ओरडतो की, हा डाव माझा! झाले, दोघे त्याला पकडतात. येथे प्रेक्षक पोट धरून हसतात. हसता हसता माझ्या मनाला मात्र एक चटका बसला. त्या माणसाला सुटका हाताशी होती. दार उघडे होते. त्याला कोणी दोरीने बांधले नव्हते, फक्त आवाजाने बांधले होते. मॅव्हरिकला डावावरून उठता येते; संवाहकाला डावात नसतानासुद्धा उठता येत नाही. शूद्रकाने जुगाऱ्याचे जे सत्य एका हास्यस्फोटात सांगितले, ते शंभर व्याख्यानांत सांगता येणार नाही.

संवाहकाजवळ अक्कल नव्हती असे मात्र नाही. तो एका जुगाऱ्याला म्हणतो, निम्मे कर्ज तुम्ही सोडा. तो कबूल होतो. मग माथुराला म्हणतो, निम्मे तुम्ही सोडा. तोही हो म्हणतो. लगेच हा म्हणतो, निम्मे यांनी सोडले, निम्मे तुम्ही सोडले, आता मी निघतो! मॅव्हरिकलाही सुचणार नाही असा हा हिशेब आहे. पण अड्ड्याचा मालक या हिशेबाला भुलत नाही. तो त्याला चोप देतो आणि स्वतःला विकून पैसे दे म्हणतो. भर रस्त्यात संवाहक स्वतःला दहा मोहरांना विकायला काढतो आणि कोणी गिऱ्हाईक मिळत नाही. अक्कल आहे, पण कोटाच्या आत टाचणीने लावलेली नोट नाही. म्हणून ती अक्कल कवडीमोल ठरते. शेवटी भोके पडलेले उपरणे पांघरलेला दर्दुरक नावाचा दुसरा जुगारी माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकतो आणि संवाहक पळून वसंतसेनेच्या घरात शिरतो.

पुढचा भाग फार सुंदर आहे. वसंतसेना त्याची कथा ऐकते आणि हातातले कंकण काढून दासीबरोबर माथुराकडे पाठवते. तेही 'हे त्यानेच पाठविले आहे' असा निरोप देऊन. कर्ज फेडताना त्या माणसाची लाज तिने राखली. आणि पैसे मिळाल्यावर माथुर काय म्हणतो? त्या सद्गृहस्थाला सांगा, देणे फिटले, आता पुन्हा खेळायला या! ज्याला आत्ता रक्त येईपर्यंत मारले, त्यालाच गोड आमंत्रण. जगातल्या प्रत्येक अड्ड्याची भाषा शूद्रकाने या एका वाक्यात पकडली आहे. सुदैवाने संवाहक त्या आमंत्रणाला जात नाही. तो बौद्ध भिक्षू होतो, आणि पुढे आठव्या अंकात शकाराने गळा दाबून टाकून दिलेल्या वसंतसेनेला शुद्धीवर आणणारा तोच असतो. डावावरून उठलेला माणूस किती मोलाचा असू शकतो, हे नाटककाराने असे दाखवून दिले आहे.

एक मुलगी म्हणून मला या नाटकात आणखी एक गोष्ट दिसली. पुरुषांचे देणे येथे स्त्रियांच्या दागिन्यांनी फिटते. संवाहकाचे कर्ज वसंतसेनेच्या कंकणाने फिटले. वसंतसेनेचे दागिने चारुदत्ताच्या घरातून चोरीला गेले, तेव्हा भरपाईसाठी त्याच्या पत्नीने, धूतेने, आपली रत्नमाला दिली. ती पाठवताना चारुदत्त निरोप काय देतो, तर 'तुमचे दागिने मी जुगारात हरलो'. विश्वासाने ठेवलेला ठेवा गेला आणि आपल्या गरिबीमुळे लोक आपल्यावरच संशय घेतील, त्यापेक्षा जुगारी म्हणवून घेणे त्याला बरे वाटले. त्यावर वसंतसेनाही कमी नाही. तीही पुढे येऊन सांगते की, तुमची रत्नमाला मी जुगारात हरले! दोघे एकमेकांशी खोटे बोलतात आणि दोघांचेही प्रेम त्यातून खरे ठरते. विनोद फार गोड आहे. पण धूतेचे काय? तिच्या गळ्यातला अलंकार गेला, त्यावर कोणी विनोद केला नाही. महाभारतातल्या द्यूतसभेतही खरी अक्कल कोणी दाखवली असेल तर ती द्रौपदीने. धर्मराजाने आधी स्वतःला हरले की मला, हा तिचा प्रश्न भीष्मांनाही सोडवता आला नाही. डाव खेळणारे सारे पुरुष, आणि डावाचा कायदा कळलेली एकटी बाई. तिला मात्र कोणी खेळायला बोलावले नव्हते, फक्त पणाला लावले होते.

महाभारतातच नलराजाची कथा आहे. नल फाशांत राज्य हरला, बायकोला रानात सोडून गेला, दुसऱ्या राजाकडे सारथी म्हणून राहिला. त्या ऋतुपर्ण राजाने एकदा वाटेत एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजता अचूक सांगितली. नलाने आपली अश्वविद्या त्याला दिली आणि त्याच्याकडून ही मोजण्याची विद्या घेतली. तिला 'अक्षहृदय' म्हणतात. ती मिळाल्यावर नल पुन्हा खेळला आणि राज्य परत जिंकला. बेहड्याची झाडे आपल्या यवतमाळच्या जंगलात आहेत, आणि त्या काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करीत. तात्पर्य, जुन्या लोकांनाही ठाऊक होते की, डावात जिंकतो तो नशीबवान नव्हे, तर मोजणारा. प्रश्न एवढाच की, मोजण्याची विद्या कोणाकडे आहे?

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधता येते. मटका हा शब्द ऐकला नाही असा माणूस विदर्भात मिळणार नाही. पण त्याचा जन्म कापसातून झाला, हे पुष्कळांना माहीत नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले सुरुवातीचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या भावातल्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेथूनच आले. १९६० च्या सुमारास तो भाव येणे बंद झाले, तेव्हा आकडा आणायचा कोठून असा प्रश्न पडला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. मडक्यात शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून काढीत, म्हणून तो मटका. नंतर चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. खत्री २०२० मध्ये निवर्तले, पण शब्द राहिला. आपल्याकडे तो 'वरली' म्हणून ओळखला जातो.

आता याचा हिशेब पाहा. आकडे दहा. एका आकड्यावर एक रुपया लावला आणि तो आला, तर साधारणपणे नऊ रुपये मिळतात. समजा एखाद्याने दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. त्याचा एक आकडा नक्की येणार! त्याने दहा रुपये दिले आणि नऊ घेतले. म्हणजे शंभर टक्के जिंकूनही तो एक रुपया हरला. कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही समजेल असे हे गणित आहे. स्वप्नात साप दिसला म्हणून अमुक आकडा, गाडीचा नंबर दिसला म्हणून तमुक आकडा, अशी खेळणाऱ्याची सारी बुद्धी खर्ची पडते. आणि अड्ड्याच्या मालकाला बुद्धी चालवण्याची गरजच नसते. तो मॅव्हरिकसारखा गणितावर बसलेला असतो. आपण पडद्यावरच्या जुगाऱ्याकडे पाहून स्वतःला मॅव्हरिक समजतो, पण अड्ड्यावर गेल्यावर मॅव्हरिकची खुर्ची आधीच दुसऱ्याने घेतलेली असते. आपल्या वाट्याला संवाहकाचीच जागा येते.

मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे कायदा आहे आणि जुगारही आहे. पोळ्याच्या दिवसांत पत्त्यांचे डाव बसतात, कोठे कोंबडबाजार भरतो, पोलीस धाड घालतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. अलीकडे तर अड्डा खिशात आला. भ्रमणध्वनीवर रमी आली, क्रिकेटचे संघ लावणे आले. नामवंत माणसांनी जाहिराती केल्या आणि 'हा कौशल्याचा खेळ आहे' असे सांगितले. हा शब्द मला फार मार्मिक वाटतो. कौशल्याचा खेळ! म्हणजे हरणाऱ्याला वाटावे की, आपले कौशल्य कमी पडले, आणखी थोडे खेळून ते वाढवावे. आणि खेळणे सोडले की पुन्हा या, तुमच्या खात्यात बक्षीस जमा केले आहे, असा संदेश येतो. हा माथुराचाच निरोप नव्हे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण कायद्याने दार बंद होते, फाशांचा आवाज बंद होत नाही. जुन्या अड्ड्याला निदान एक दरवाजा होता. तेथून माणूस रात्री उशिरा का होईना, उठून घरी येत असे. खिशातल्या अड्ड्यावरून उठून जायचे कोठे?

येथे कोणी मला हटकेल. तो म्हणेल, "बाई, एवढे जुगाराविरुद्ध बोलता; तुमच्या यवतमाळ जिल्ह्यातली शेती तरी काय आहे? तोही मान्सूनचा जुगारच ना?" हे वाक्य आपण लहानपणापासून भाषणांत, निबंधांत, बातम्यांत ऐकतो. ऋग्वेदात एक अक्षसूक्त आहे. त्यात सर्वस्व हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे आणि शेवटी त्याला फासे सोडून शेतीकडे वळण्याचा उपदेश केला आहे. आता ज्याची शेतीच जुगार म्हटली जाते, त्याने कोणीकडे वळावे?

मला हे वाक्य मान्य नाही. शेती हा जुगार नव्हे. जुगारात काही पिकत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते. शेतकरी मात्र जमिनीत एक सरकी टाकतो आणि त्यातून जगाच्या अंगावरचे वस्त्र निघते. दुसरे असे की, जुगारी हौसेने बसतो. शेतकऱ्याला कोणी 'बसता का?' असे विचारले नाही. जूनमध्ये पाऊस हुलकावणी देतो, दुबार पेरणी करावी लागते, कृषी केंद्राची उधारी वाढते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीची बोंडे आतून पोखरली, तेव्हा त्यात शेतकऱ्याची कोणती चाल चुकली होती? वेचणीच्या वेळी सीतादहीची पूजा करणारा माणूस पुढच्या भावाबद्दल काही जाणत नाही. भाव ठरवणारा मात्र सारे मोजून बसलेला असतो. आपल्या भागातून मूर्तिजापूरकडे पूर्वी धावणारी 'शकुंतला' रेल्वे कापूस नेण्यासाठीच घातली गेली होती. कापूस कोठे जाणार आणि काय भावाने, हे त्या वेळीही शेतात उभ्या असलेल्या माणसाने ठरवले नव्हते. अशा माणसाला 'जुगारी' म्हणणे म्हणजे ज्यांनी डाव मांडला, त्यांना नामानिराळे सोडणे होय. दोष नशिबाचा झाला की कोणाला जाब विचारायचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून मला ती टाचणीची नोट महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याला अक्कल शिकवणारे पुष्कळ आहेत. अमुक पीक घ्या, तमुक जोडधंदा करा, स्मार्ट व्हा. अक्कल त्याच्याजवळ आहेच. त्याच्याजवळ नाही ती कनवटीची नोट, म्हणजे वेळेवर मिळणारा पीकविमा, खरोखर हातात पडणारा हमीभाव, शेताला पाणी. एवढे असेल तर एक हंगाम बुडाला तरी माणूस हसत हसत दुसरा हंगाम धरील. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे शिक्षण हीसुद्धा घरच्यांनी माझ्या पदराला बांधलेली अशीच एक नोट आहे, असे मी मानते. ती मोडून खायची नसते. एखाद्या डावात आपल्याला बळेच बसवले जात असेल, तर 'मी उठते' असे म्हणण्याचे बळ त्यातून यावे, एवढाच तिचा उपयोग.

तेव्हा, माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, विनोदी जुगाऱ्याचे चित्रपट पाहू नका असे मी मुळीच म्हणणार नाही. मॅव्हरिक जरूर पाहा, मनमुराद हसा. नीतीचे डोस पाजणाऱ्यापेक्षा हसवणारा अधिक शिकवून जातो, कारण फाशांचा आवाज गोड असतो हे तो नाकारत नाही. फक्त हसताना डोळे उघडे ठेवा. नायकाच्या हातातल्या पानांबरोबर त्याच्या कोटाच्या आतली टाचणीही पाहा, आणि टेबलाच्या पलीकडे कोण बसले आहे तेही पाहा.

आणि प्राध्यापकवर्गाला एक विनंती. आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी त्याच त्या एकांकिका होतात. या वर्षी 'मृच्छकटिका'चा दुसरा अंक वऱ्हाडी बोलीत बसवावा. देऊळ उभारण्याचा खर्च नाही, कारण मूर्तीचे काम एक विद्यार्थीच करणार आहे. माथुराच्या हातात फाशांऐवजी भ्रमणध्वनी दिला तरी चालेल. त्यावर घंटी वाजली की देव्हाऱ्यातला देव कसा चुळबूळ करू लागतो, ते सभागृहातल्या प्रत्येकाला न सांगता समजेल. मात्र वसंतसेनेचे कंकण खरे वाटले पाहिजे; ते कोणाच्या तरी आईच्या हातातले आहे, असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे.

— बी. ए. भाग २